वीस नकाशे, चार तास: कॉलेजात टिकेल असं अध्ययन मूल्यमापन

जूनमध्ये वेळापत्रक लागतं आणि त्याच्या शेजारीच समित्यांची यादी लागते. 'अध्ययन निष्पत्ती व अटेनमेंट', म्हणजे मुलांना काय यायला हवं आणि त्यातलं किती आलं ते मोजायचं काम, या ओळीपुढे सहसा विभागात सगळ्यांत शेवटी रुजू झालेल्या माणसाचं नाव असतं. केबिनमध्ये जाऊन "सर, मला यातलं काही येत नाही" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "आम्हाला तरी कुठं येत होतं?" असं नाव लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी भूगोल शिकवते, कोल्हापुरातल्या एका संलग्न कॉलेजात. माझंही नाव असंच लागलं होतं.

वारसा म्हणून मला एक कपाट मिळालं. त्यात बॉक्स फायली, फायलींत तक्ते, आणि झाडून सगळ्या तक्त्यांत अटेनमेंट २.६ ते २.८. तीनपैकी. कुठल्याच वर्षी, कुठल्याच विषयात मुलं कशात कमी पडलेली नव्हती. एका तक्त्यात तर पटावर होती त्यापेक्षा सात मुलं जास्त शिकली होती, कारण आकडे मागच्या वर्षीचे आणि फक्त वरचं साल बदललेलं. मूळ एक्सेल फाईल निवृत्त झालेल्या सरांच्या लॅपटॉपवर, तिला पासवर्ड, आणि पासवर्ड सरांनाही आठवेना. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, पिअर टीम तपासणी करून गेली होती, त्यामुळे कोणाची तक्रारही नव्हती.

सरांना दोष देत नाही. एकाच माणसाला सगळ्या पेपरांच्या सगळ्या निष्पत्ती, सगळी मुलं, दर सेमिस्टरला मोजायला सांगितली तर तो हेच करणार. मीही केलं असतं. तेव्हा माझं सांगणं एवढंच, की हे काम इतकं लहान ठेवा की पुढच्या वर्षी तुमच्या जागी तासिका तत्त्वावर आलेली एखादी मुलगी ते पहिल्याच सेमिस्टरला चालवू शकेल. आपल्याकडचे कित्येक विभाग तासिकेवरच्या माणसांनी तोलून धरलेत. या जूनमध्ये असलेला माणूस पुढच्या जूनमध्ये असेलच असं नाही. त्याच्याबरोबर निघून जाणारी पद्धत म्हणजे त्याची हौस, कॉलेजचं काम नव्हे.

शब्दांची भीती आधी घालवा

कोर्स आउटकम, म्हणजे सीओ: एक पेपर शिकून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे. प्रोग्राम आउटकम, म्हणजे पीओ: पदवी घेऊन बाहेर पडताना काय आलं पाहिजे. अटेनमेंट: त्यातलं किती साधलं. नॅकच्या निकष २ मधला २.६ हा भाग याचाच. इंजिनिअरिंगवाल्यांच्या हे एनबीएमुळे, म्हणजे त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळामुळे, अंगवळणी पडलेलं आहे. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला, तेव्हापासून त्यांना यातून सुटकाच नाही. कला, वाणिज्य, विज्ञानवाल्यांनी त्यांचे तक्ते आणून नावं बदलली, आणि तिथंच बरंच काही बिघडलं.

तुमच्या हातात काय आहे ते बघा

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. संलग्न कॉलेज असेल तर अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं आणि सेमिस्टरचा पेपर विद्यापीठाचा. सीओ बहुतेकदा अभ्यासक्रमातच छापून आलेले असतात. तुमच्या हातात उरतं ते अंतर्गत मूल्यमापन: चाचणी, गृहपाठ, सेमिनार, प्रात्यक्षिकाचं जर्नल. स्वायत्त कॉलेजात हात बराच मोकळा असतो, पण तिथंही सुरुवात इथूनच करा. नवी परीक्षा काढू नका. मुलांना परीक्षा कमी नाहीत आणि तुम्हाला पेपर तपासायचा कंटाळा आधीच आहे.

पहिली पायरी: एका पेपरचा एकच सीओ

सगळे सीओ दर वर्षी मोजायचे नाहीत. पेपरला चार सीओ असतील तर एका वर्षी एक घ्या, चार वर्षांत फेरी पूर्ण होते. निवडताना मुलांचं जिथं दर वर्षी अडतं आणि पुढच्या वर्षीच्या पेपरला ज्याची गरज पडते, तो घ्या.

मग त्याचं क्रियापद बघा. 'विद्यार्थ्यास नकाशावाचन समजेल' असं लिहिलेलं असतं. समजलं की नाही हे कोणाच्या कपाळावर उमटत नाही. काय केलं म्हणजे समजलं असं मानायचं, ते लिहा. आम्ही असं लिहिलं: 'विद्यार्थी १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर दिलेल्या रेषेवर छेद काढेल आणि त्यावरून भूरूप ओळखेल.' (टोपोशीट म्हणजे जमिनीची उंची दाखवणारा नकाशा; छेद म्हणजे त्या रेषेवर जमीन उभी कापली तर दिसेल तो चढउतार.) ब्लूमची १९५६ ची, आणि २००१ मध्ये सुधारलेली, पायऱ्यांची वर्गवारी तुमच्या विभागाच्या भिंतीवर लावलेली असेलच. तिच्यातून 'विश्लेषण करेल' उचलायचं आणि पेपरात 'टिपा लिहा' विचारायचं, असं मात्र करू नका.

हा सीओ मुलांना मराठीत, फळ्यावर, पहिल्याच आठवड्यात सांगा. वेबसाइटवर टाकला म्हणजे पोचला असं नाही.

दुसरी पायरी: आहे त्याच कामातून पुरावा काढा

आमच्या प्रात्यक्षिकात छेद काढायचा एक सराव होताच. दर वर्षी मुलं तो करायची, आम्ही सही करायचो, दहापैकी सात-आठ गुण द्यायचो. त्या सातातून काय कळतं? काही नाही. रेषा वाचायला चुकला म्हणून तीन गेले, की वही अस्वच्छ म्हणून गेले, की नकाशा उलटा धरला म्हणून, हे आठवड्यानंतर देणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून गुणांच्या जोडीला रूब्रिक लागतं, म्हणजे काय जमलं तर किती गुण हे आधीच लिहिलेला तक्ता.

लेखी चाचणीतून पुरावा घ्यायचा असेल तर प्रत्येक प्रश्नापुढे सीओचा क्रमांक आधीच लिहून ठेवा, आणि 'खालीलपैकी कोणतेही दोन' या प्रश्नाकडे नीट बघा. तीन पर्याय तीन वेगवेगळ्या सीओंचे असतील, तर ज्या मुलाने तुमचा सीओ सोडला त्याला तो येत नव्हता की दुसरा सोपा वाटला, हे कळायला मार्ग नाही. पर्याय एकाच सीओच्या आत द्या. ते जमलं नसेल तर ज्यांनी तो प्रश्न सोडवला तेवढ्यांचाच हिशेब करा आणि तसं कागदावर लिहा. न सोडवलेल्याला शून्य धरून काढलेली टक्केवारी मी अनेक फायलींत पाहिली आहे.

तिसरी पायरी: चार ओळींचं रूब्रिक

चारच ओळी ठेवा, प्रत्येकीला ० ते ३. आमच्या चार ओळी अशा होत्या: समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषांच्या किमती बरोबर वाचल्या का, उभं प्रमाण विचारपूर्वक निवडलं का, बिंदू जोडताना माथा, खिंड, दरी यांचा आकार जपला का, आणि छेदाखाली दोन वाक्यांत भूरूप सांगितलं का.

यातली दुसरी ओळ जवळून बघा, कारण आमचं सगळं तिथंच अडलं. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे ५०० मीटर. उंचीलाही हेच प्रमाण ठेवलं तर ३०० मीटर उठावाचा डोंगर कागदावर ६ मिलिमीटर भरतो. डोंगर कसला, टेंगूळ. म्हणून उभं प्रमाण वाढवायचं, उदाहरणार्थ १ सेंटिमीटरला १०० मीटर, आणि छेद पाचपट उभट झाला आहे हे खाली लिहायचं. आमच्या रूब्रिकमध्ये मग असं ठरलं: योग्य प्रमाण निवडलं आणि किती पट वाढ झाली ते सांगितलं तर ३, निवडलं पण पट सांगितली नाही तर २, आडवं तेच उभं ठेवलं तर १, प्रमाणच लिहिलं नाही तर ०. 'उत्तम, चांगले, बरे' अशा शब्दांनी रूब्रिक बनवलं तर ते तुमच्यापुरतंच चालतं. दुसऱ्या माणसाच्या 'बरे'ची किंमत त्यालाच माहीत.

चौथी पायरी: पातळी पाणी चढायच्या आधी ठरवा

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "किती फूट झालं?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे पाणी चढल्यावर ठरत नाहीत. प्रत्येक आकड्याला काय करायचं तेही ठरलेलं असतं. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं इशाऱ्यालाच जनावरं हलवायला लागतात.

अटेनमेंटचं लक्ष्यही असंच हवं. रूब्रिकच्या प्रत्येक ओळीत किमान ६० टक्के मुलांना २ किंवा ३ मिळावेत, हे नकाशे हातात येण्याआधी लिहून सही करून ठेवा. त्याखाली गेलं तर शिकवण्यात काहीतरी बदलायचं, ४० च्याही खाली गेलं तर पुढच्या सेमिस्टरची वाट न बघता आठवड्याभरात पुन्हा शिकवायचं. आकडे तुमच्या वर्गाकडे बघून ठरवा, ६० ला काही पावित्र्य नाही. निकाल बघून लक्ष्य खाली आणलं की तुम्ही माझ्या कपाटात फाईल वाढवली असं समजा.

पाचवी पायरी: सगळे नकोत, वीस पुरेत

गावच्या दूध संस्थेत फॅट बघायला कोणी अख्खी किटली यंत्रात ओतत नाही. वर्गात १२० मुलं असतील तर २० नकाशे घ्या: पहिल्या सहा क्रमांकांतून चिठ्ठी काढायची आणि तिथून पुढं दर सहावा. पहिले वीस घेऊ नका. रोल नंबर प्रवेशाच्या क्रमाने दिलेले असतील तर उशिरा आलेली मुलं सगळी शेवटी असतात, आणि बहुतेकदा अडचण त्यांचीच असते. वर्गच तीसचा असेल तर मात्र सगळे घ्या.

विभागात दुसरं कोणी असेल तर पहिले पाच नकाशे दोघांनी वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता तपासायचे आणि मग आकडे शेजारी ठेवायचे. पहिल्यांदा भांडण होतं. होऊ द्या. आमच्या सरांना तिसऱ्या ओळीत दरी गोल काढलेली चालत होती, मला नाही. अर्धा तास वाद घालून आम्ही रूब्रिकचं वाक्य बदललं आणि पुढचे पंधरा वाटून घेतले. एकट्याचा विभाग असेल तर शेजारच्या विभागातल्या कोणाला तरी पकडा. इतिहासवाल्या मॅडमना छेद कळला नाही तरी तुमचं वाक्य कळतं की नाही ते त्या सांगतील.

वेळेचा हिशेब असा: वीस नकाशे, पाच-पाच मिनिटं, म्हणजे दीडेक तास. पाच नकाशांचा वाद एक तास, विभागाची बैठक एक तास, टिपण अर्धा तास. सेमिस्टरला चार तास. याहून जास्त लागत असतील तर कुठंतरी हौस शिरली आहे.

सहावी पायरी: बैठक, आणि एकच बदल

समजा वीसपैकी पहिल्या ओळीत १७ जण लक्ष्याला पोचले, दुसरीत ६, तिसरीत १३, चौथीत ९. म्हणजे ८५, ३०, ६५ आणि ४५ टक्के. सरासरी काढलीत तर ५६ येते आणि सगळं जवळपास ठीक दिसतं. सरासरी काढू नका. दुसरी ओळ बुडाली आहे, तिच्याकडे बघा.

इथं बहुतेक विभाग 'रेमेडियल लेक्चर घेण्यात आले' असं लिहून मोकळे होतात. त्याआधी एक प्रश्न विचारा: मुलांना हे करायची संधी आपण कधी दिली? आम्ही हा प्रश्न विचारला आणि जर्नल उघडलं. छापील जर्नलमध्ये छेदासाठी आलेखाचं पान तयार होतं, आणि त्याच्या उभ्या अक्षावर प्रमाण आधीच छापलेलं! मुलांनी तीन वर्षं कधी प्रमाण निवडलंच नव्हतं. आणि आम्ही सराव वेगळ्या कोऱ्या कागदावर दिला तेव्हा म्हणत होतो, "यांना साधं प्रमाण घेता येत नाही."

बदल काय केला? ते छापील पान वापरायचं बंद केलं, कोरा आलेख कागद दिला. खर्च जवळजवळ शून्य. पुढच्या वर्षी दुसरी ओळ सुधारली, पण दोन नवे घोळ झाले. काहींनी १ सेंटिमीटरला २० मीटर घेतले, पंचवीसपट वाढ, साधे डोंगर सुळक्यासारखे उभे राहिले आणि कागदाबाहेर गेले. आणि प्रमाण ठरवण्यात वेळ जाऊन तास पुरेना. मग चौथी ओळ, भूरूप सांगायची, पुढच्या तासाला ढकलली. ते अजून नीट बसलेलं नाही.

एका फेरीत एकच बदल करा. तीन केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि तीन बदल आपण करतही नाही, नुसते लिहितो.

तक्ता भरायचाच आहे, तर तो असा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टळत नाही. तुमच्या कॉलेजने ५०, ६० आणि ७० टक्क्यांना अनुक्रमे १, २, ३ अशा पातळ्या ठरवल्या असतील तर टक्केवारीवरून पातळी काढा. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मूल्यमापनाची विभागणी बऱ्याच ठिकाणी ८०:२० असते: प्रत्यक्ष २.० आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून २.६ आले, तर १.६ अधिक ०.५२, म्हणजे २.१२. पीओकडे नेताना मॅपिंगच्या, म्हणजे सीओ त्या पीओशी किती घट्ट जोडला आहे त्याच्या, १-२-३ ने गुणून ३ ने भागतात, २.१२ चा सीओ एखाद्या पीओशी २ ने जोडला असेल तर त्याचा वाटा १.४१. मॅपिंगच्या प्रत्येक चौकटीत ३ भरायचा मोह आवरा. भूगोलाच्या छेदाने 'नैतिक मूल्ये' साधली असं लिहिलेलं वाचून पिअर टीममधली माणसं हसतात, तोंडावर नाही इतकंच.

अभिप्रायाचा गूगल फॉर्म मराठीत ठेवा आणि 'सीओ १ कितपत साध्य झाला' असं विचारू नका. सगळे ५ वर टिक करून पुढं जातात. 'उद्या कोणी छेद काढायला सांगितला तर नेमकं कुठं अडेल?' असं विचारलं की खरं उत्तर येतं.

कॅलेंडर, गावाकडे बघून

विषम सेमिस्टरमध्ये जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोजण्याचं काम ठेवू नका. गगनबावड्याच्या वाटेवर पाणी येतं, एसटी बंद पडते, आणि नेमकी लांबून येणारी मुलं तुमच्या वीसातून गळतात. गणपती झाले की सराव घ्या, दिवाळीच्या आत बैठक उरका. सम सेमिस्टरला गॅदरिंग आणि एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर टाळून फेब्रुवारी धरा. सराव शेवटच्या तासाला कधीच नको. साडेचारची गाडी गाठायची म्हणून अर्धवट ठेवलेला छेद आणि न आलेला छेद कागदावर सारखेच दिसतात.

माणसं

ज्येष्ठ सरांचा विरोध आळसातून येतो असं समजू नका. हा आकडा आपल्याविरुद्ध वापरला जाईल ही भीती असते, आणि ती काही अगदीच खोटी नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी प्राचार्य आणि आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक यांच्याकडून एका ओळीचं इतिवृत्त करून घ्या: सीओच्या मोजणीतला कोणताही आकडा शिक्षकाच्या सीएएसच्या (पदोन्नतीच्या) प्रस्तावात किंवा गोपनीय अहवालात जाणार नाही. ही ओळ नसेल तर तुम्हाला पुन्हा सगळीकडे २.७ मिळेल. मलाही पहिल्या वर्षी वाणिज्य विभागाकडून मिळालाच होता.

कागद

प्रत्येक सीओचा एकच पाठपोट कागद ठेवा. पुढं सीओ, सराव, रूब्रिक, लक्ष्य. मागं चार टक्केवाऱ्या, काय बदलायचं ठरलं, कोण करणार, आणि पुढच्या वेळी काय झालं यासाठी रिकामी जागा. बैठकीच्या सह्या त्याच कागदावर. एक्यूएआर, म्हणजे नॅकला द्यायचा वार्षिक अहवाल, भरताना आयक्यूएसीने हाच कागद घ्यावा, वेगळा तक्ता मागू नये, हेही त्याच इतिवृत्तात घालून टाका. नॅकने २०२४ मध्ये ग्रेडऐवजी मान्यता आहे किंवा नाही अशी पद्धत आणायचं जाहीर केलं. नमुने बदलतच राहतील, या कागदावरचं मात्र फारसं बदलायला लागत नाही.

स्कॅन केलेली प्रत कॉलेजच्या अधिकृत खात्यातल्या ड्राइव्हवर ठेवा, स्वतःच्या जीमेलवर नको, आणि पासवर्ड विभागप्रमुखांच्या डायरीत लिहून द्या. मूळ कागद तळमजल्यावरच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

आणि वीस नकाशांच्या झेरॉक्स त्याच दिवशी काढून घ्या, नावं झाकून. मुलं मूळ प्रत जर्नलला लावतात, आणि परीक्षा झाली की जर्नल घरी घेऊन जातात.